एकोणीस मैलांवरचं माप

दगड आता माझ्या घोट्याएवढा उरला आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो, कडेची माती वर येते आणि दगड जागच्या जागी बुडत जातो. जामच्या चौकात मुलानं चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा मी म्हटलं, जरा मागं घे, वर्ध्याच्या अंगाला. तो म्हणाला, "आई, तिथं काय आहे?" मी म्हटलं, "माझं घर." घर तिथं नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. पंक्चरवाल्याच्या टपरीमागं, जुन्या टायरांच्या आड, दगडाचं गोल डोकं तेवढं दिसत होतं. टायर सरकवून मी बोटांनी माती खरवडली. आकडा सापडला नाही. तो खाली गेला आहे. पण मला तो वाचावा लागत नाही. वर्धा एकोणीस.

माझे बाबा मैलकुली होते. हा शब्द आता सांगितला की नातवंडं हसतात. पण तेव्हा सडकेच्या प्रत्येक मैलाला एक माणूस असायचा आणि तो मैल त्याचा असायचा. अठराच्या दगडापासून एकोणीसच्या दगडापर्यंतची सडक बाबांची. खड्डा पडला की गिट्टी-मुरूम टाकून धुम्मसानं ठोकायचा, कडेचं गवत कापायचं, लिंबाच्या रोपांना पाणी घालायचं, मैलाच्या दगडाला आणि फर्लांगाच्या सात लहान दगडांना चुना मारायचा. एकोणीसच्या दगडाजवळ आमची कुडाची झोपडी होती. गाव अर्ध्या मैलावर, तेही पुढच्या माणसाच्या मैलात. बाबा कामाच्या वेळी तिकडे पाऊल टाकायचे नाहीत. मला शाळेला सोडायला ते दगडापर्यंत येत, म्हणजे दहा पावलं, आणि तिथं फावड्यावर हात टेकून उभे राहत. "पुढं जाय तू. तो दुसऱ्याचा मैल हाय," म्हणत. मी पळसाच्या वळणावर मागं वळून बघे. ते तिथंच असत.

घरात आम्ही दोघं. माय वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला तिच्या भावाकडे राहायची. मी सहा वर्षांची असताना गेली. का गेली, ते मला कुणी सांगितलं नाही. भांडण ऐकल्याचं आठवत नाही. आठवतो तो एक आवाज. तिचं शिवणयंत्र बैलगाडीत चढवताना चाक आपोआप फिरलं आणि रिकामी सुई खटखट खालीवर झाली. बाबांनी चाकावर हात ठेवून ते थांबवलं. मग गाडी निघाली. मायच्या गळ्यात पिवळी टेप होती, मेणकापडाची, साठ इंचांची. ती टेप ती दागिन्यासारखी घालायची. जातानाही काढली नाही.

मायच्या त्या टेपेचा वास मला आजही येतो. मेणाचा, यंत्रातल्या तेलाचा आणि थोडा तिच्या मानेच्या घामाचा. ती असताना मी टेपेशी खेळत असे. तिचं पहिलं टोक पितळी पत्र्याचं होतं, ते दातांखाली धरलं की आंबट लागे. माय ओरडायची, "खाऊन टाकशील इंच, अन् मंग लोकाइचे पोलके आखूड होतीन." मला ते खरं वाटे. एक इंच कमी झाला तर सगळ्या गावाच्या बायकांचे पोलके घट्ट होतील, या भीतीनं मी टोक पुसून ठेवी.

ती गेल्यावर घरात मोजायला काही उरलं नाही. उरले ते बाबांचे मैल. त्यांच्या बोलण्यात दुसरं मापच नव्हतं. ताप आला की म्हणत, वैद्य दोन मैल. कांदा संपला की म्हणत, दुकान अर्धा मैल. रात्री चांदणं पडलं आणि मला झोप येईना, की पाठीवर हात फिरवत म्हणत, "तुही माय काई दूर नाई. एकोणीस मैल." जसं काही बारा मैल असती तर फारच जवळ झाली असती. मला राग यायचा. एकोणीस हा आकडा त्यांनी एवढ्यांदा म्हटला की तो मला नावासारखा वाटू लागला.

तिसरीत कोष्टक आलं. मास्तर वेताची छडी हवेत हलवून ताल धरत आणि आम्ही घोळका करून म्हणत असू. बारा इंच एक फूट, तीन फूट एक वार, दोनशेवीस वार एक फर्लांग, आठ फर्लांग एक मैल. मला ते कोष्टक फार आवडलं. एका टोकाला माय होती आणि दुसऱ्या टोकाला बाबा. एका दमात म्हटलं तर मायपासून बाबांपर्यंत पोचता यायचं. मी येता-जाता तेच म्हणायची, पळसांना ऐकवायची. एकटं पोर स्वतःशी बोलतं तेव्हा त्याला निदान काहीतरी पाठ असलेलं बरं.

एक दिवस मास्तरांनी मैलाचे वार करायला सांगितले. मी तिथं थांबले नाही. वारांचे फूट केले, फुटांचे इंच केले, त्याला एकोणीसनं गुणलं. पाटी पुरेना, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. बारा लाख तीन हजार आठशे चाळीस. मास्तरांनी पाटी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हे काहाचं गणित वं?"

"मायच्या घराचं."

त्यांनी एकेक आकडा पुन्हा तपासला. मग खडूनं बरोबरची खूण केली आणि हळूच म्हणाले, "उत्तर बरोबर हाय. पण तुले एका मैलाचंच विचारलं होतं, बाई." त्या दिवशी मी पाटी पुसली नाही. दुसऱ्या दिवशी घासून कोरी केली आणि मग दिवसभर मला उगाच रडू येत राहिलं.

दर वर्षी दसऱ्याच्या आधी मायकडून एक फ्रॉक यायचा. त्यासाठी माझं माप जावं लागे. टेप मायकडे, आणि अक्षर ना तिला येत होतं ना बाबांना. म्हणून माप सुतळीवरून जायचं. पोळा झाला की बाबा एका सकाळी हातपाय धुऊन मला दगडाला लागून उभी करायचे. "सरळ. मान वर." सुतळीचं टोक खांद्यावर धरून दुसऱ्या खांद्यापर्यंत नेत आणि तिथं गाठ मारत. मग छातीभोवती, दुसरी गाठ. मग खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, तिसरी. गाठ मारण्याआधी ते सुतळीला थुंकी लावत, म्हणजे घट्ट बसते. त्यांची बोटं चुन्यानं फुटलेली असत आणि फ्रॉकला अडकत. माप झाल्यावर सुतळी हातावर गुंडाळून म्हणत, "तीन बोटं वाढली या साली. कळन तिले." तेवढं बोलताना त्यांचा चेहरा जरा उजळे. ती सुतळी म्हणजे त्यांनी वर्षातून एकदा मायला घातलेली चिठ्ठी होती. माझ्याशिवाय त्यात लिहायला काही नव्हतं.

सुतळी घेऊन जायचे रामाजी कंडक्टर. दुपारी चारच्या सुमाराला वर्ध्याची मोटार जामकडे जायची आणि तासाभरानं परत फिरायची. परतताना बाबांनी फावडं आडवं धरलं की ती थांबे. रामाजी सुतळी कातडी पिशवीत, तिकिटांच्या गड्ड्याखाली ठेवत आणि म्हणत, "पोचते करतो, काळजी नोको." आठ-दहा दिवसांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फ्रॉक येई. त्यात उरलेल्या चिंध्याही असत, माझ्या बाहुलीसाठी. मी आधी फ्रॉकचा वास घेई, मग घाली. यंत्राच्या तेलाचा वास एकदा धुतला की जायचा, म्हणून पहिल्यांदा धुवायला मी फार दिवस लावी.

चार वाजताची मोटार मी कधी चुकवली नाही. शाळा सकाळची असे. मोटार यायच्या वेळी मी दगडाला लागून, एक हात त्याच्या डोक्यावर ठेवून, वर्ध्याच्या दिशेला तोंड करून उभी राही. आधी लांब धूळ दिसे. मग आवाज, मग पेट्रोलचा वास, मग खिडक्या. माय उतरेल, असं मला रोज वाटे. उतरायची नाही हेही रोज माहीत असे. रामाजी दारातून हात हलवत आणि मोटार निघून जाई. धूळ बसली की कवड्याची घूं-घूं पुन्हा ऐकू येई. बाबा त्या वेळी नेमके कुठल्यातरी फर्लांगाच्या दगडापाशी वाकलेले असत. पण एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. एकोणीसच्या दगडाला चुना मारताना वर्ध्याच्या अंगाला ते एक हात जास्त मारत.

छप्पन सालच्या दसऱ्याला आमच्या मैलावरून दोन दिवस माणसं चालत होती. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. जामहून पुढं नागपूरला, दीक्षेला. दगडापाशी बाबांनी पाण्याचा रांजण ठेवला होता. माणसं पाणी पीत आणि विचारत, "जाम किती राह्यलं, भाऊ?" बाबा सांगत, "एक मैल तीन फर्लांग." इतकं नेमकं उत्तर ऐकून थकलेल्या म्हाताऱ्याही हसत. मग शेजारच्या मैलकुलीला मैल सांभाळायला सांगून आम्हीही निघालो. बाबा आपला मैल सोडून इतके लांब गेलेले मी त्या एकदाच पाहिले. नागपूरला मी त्यांच्या खांद्यावरून प्रत्येक बाईचं तोंड पाहत होते. पांढरी लुगडी इतकी होती की शेवटी मी पाहायचं सोडून दिलं. मायही आली होती, हे पुढं कळलं. तेवढ्या माणसांत फर्लांगभर अंतरावरची दोन माणसंही भेटत नाहीत.

त्यानंतरच्या वर्षी मी दहा वर्षांची होते आणि मला एक युक्ती सुचली. बाबांनी माप घेतलं, गाठी मारल्या, सुतळी खुंटीला अडकवली आणि पाणी आणायला गेले. मी सुतळी काढली. तिन्ही गाठी दातांनी सोडवल्या. थुंकीनं घट्ट बसलेल्या, हिरड्यांतून रक्त आलं. मग प्रत्येक गाठ चार बोटं अलीकडे मारली, बाबांसारखीच थुंकी लावून. हिशेब सरळ होता. फ्रॉक चुकेल, अंगात जाणार नाही. बाबा परत पाठवतील. मायला वाटेल, सुतळीवर भरवसा नाही, पोरीला टेपच लावली पाहिजे. टेप लावायची तर पोरीजवळ यावं लागतं. मी सगळं बरोबर मांडलं होतं, पाटीवरच्या गणितासारखं.

पुढचे आठ दिवस मी कधी नव्हे इतकी आनंदात होते. झोपडी सारवली. मायचा पाट धुऊन उन्हात ठेवला. बाबा म्हणाले, "कोन येऊन राह्यलं?" मी म्हटलं, "कोनी नाई." ते फावडं उचलून गेले.

त्या दिवसांतली एक दुपार मला लख्ख आठवते. मोटार आली ती हळू झाली. इतकी हळू की थांबणारच असं वाटलं. मी दगडाला पाठ लावून ताठ झाले, मान वर. दार माझ्यासमोरून सरकलं. रामाजी दारात होते, पण रोजच्यासारखा हात केला नाही. समोर बघत राहिले. मग मोटारीनं वेग घेतला आणि ती गेली. मला वाटलं, पुढं बैल आडवा आला असेल. मी तिथंच दगडावर चढून बसले. तासाभरानं मोटार परतली, तेव्हाही मी तशीच बसले होते. ती थांबली नाही.

चार दिवसांनी फ्रॉक आला. त्या वर्षी पांढरा होता. मी तो घाईघाईनं डोक्यातून घातला, आता काखेत अडकेल, आता पाठीवर ताणेल म्हणून. तो अडकला नाही. खांदे खांद्यावर बसले, घेर गुडघ्यावर आला. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

बाबा उकिडवे बसून पाहत होते. "पाय, कसा बसला. तिच्या हाताले चूक नाई."

मी मोठ्यानं रडायला लागले.

"काऊन रडून राह्यली? टोचते का?"

मी म्हटलं, "हो. टोचते."

बाबांनी फ्रॉक काढून घेतला आणि मांडीवर पसरला. अंधार पडेपर्यंत त्या चुन्यानं फुटलेल्या बोटांनी ते प्रत्येक शिवण चाचपत होते. मायनं विसरलेली टाचणी शोधत होते. बाही उलटी केली, घेर उलटा केला. टाचणी सापडेना. मला सांगता येत होतं, पण मी सांगितलं नाही. शेवटी ते म्हणाले, "नाई दिसत बाई मले," आणि चूल पेटवायला उठले. इतकी वर्षं झाली, बाबांची आठवण म्हणून मला तीच संध्याकाळ दिसते. नसलेली टाचणी शोधणारा माणूस.

पुढच्या सालीच मी शिकायला वर्ध्याला गेले, मायकडे. म्हणजे माझी माय मला मिळाली, पण बाबा एकटे पडले. जायच्या दिवशी मोटारीच्या खिडकीतून मी पाहिलं, ते दगडाजवळ उभे होते. दगड त्यांच्या मांडीपर्यंत येत होता. हात वर केला नाही. फावडं धरलेलं होतं. काही वर्षांनी सरकारनं मैल मोडला आणि किलोमीटर आणले. नवे दगड आले, पिवळ्या डोक्याचे, भलत्याच जागी. बाबांना वाटून दिलेला तुकडा आता कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे त्यांना शेवटपर्यंत नीट लक्षात राहिलं नाही. ते जुन्याच दगडांना चुना मारत राहिले. मुकादम म्हणे, हे आपलं काम नाही. बाबा म्हणत, बरं.

मायसोबत मी बरीच वर्षं काढली, पण ते फ्रॉकचं कधी निघालं नाही. ती बोलणारी नव्हती. मी तिच्यावरच गेले आहे. तिच्या शेवटच्या आजारात तिची पेटी आवरताना बिस्किटाचा एक डबा सापडला. त्यात माझ्या सगळ्या सुतळ्या होत्या, वेगवेगळ्या गुंडाळलेल्या. मी त्या तिच्या खाटेवर शेजारी शेजारी पसरल्या. एकापेक्षा एक लांब. शेवटचीच्या गाठी मात्र आधीच्यापेक्षा अलीकडे.

माय त्या सुतळीकडे पाहत होती. मी म्हटलं, "ही चुकीची होती."

"ठाऊक हाय मले."

"मग फ्रॉक कसा बसला?"

तिला श्वास लागत होता. "मागच्या सालची सुतळी लावून पायली. पोर कुठी कमी होते का वर्षात? मले वाटलं बिमार हाय. वाळून गेली. तुहा बाप सांगून नाई राह्यला. म्हून मोटारीत बसली."

"तू आली होतीस?"

"रामाजीभाऊले म्हटलं, जरा हळू करजो. तू दगडाले लागून उभी होती. चांगली होती. दगड अडीच फूट, मीच त चुना मारत होती त्याले. त्याच्या वर तू एक हात. बाकीचं अंदाजानं बेतलं." मग ती डोळे मिटून म्हणाली, "येतानी पायलं त तू दगडावर बसली होती. बसल्या मानसाचं माप नाई घेता येत."

मी विचारलं, "काऊन नाई उतरली माय?" किती वर्षांनी तिच्याशी मी तिच्या बोलीत बोलले.

"उतरली असती," ती म्हणाली, "त परत चढली नसती."

त्यावर मला काय म्हणायचं होतं, ते माझ्या ओठांवर होतं. पण तिचा श्वास फार लागत होता, म्हणून मी पाणी आणायला उठले. त्यानंतर ती आठवडाभर होती. मी त्या आठवड्यातही म्हटलं नाही. तेवढं एक वाक्य माझ्याजवळ राहून गेलं आणि ते घेऊन मी म्हातारी झाले.

आज टपरीमागं उभी असताना चार वाजायला आले होते. मुलगा गाडीपाशी फोनवर बोलत होता. पंक्चरवाल्याचा रेडिओ चालू होता. मी पदर खोचला आणि दगडाला पाय लावून सरळ उभी राहिले, मान वर, बाबा उभी करायचे तशी. वर्ध्याकडून लाल बस आली. आता हळू व्हायचं काही कारण नव्हतं. खिडक्या दिसल्या, माणसं दिसली नाहीत. एवढ्याशा वेळात पोरगी मोजायची म्हणजे तिनं किती डोळे ताणले असतील.

बस गेली. धूळ उडाली नाही, आता डांबर आहे. मी मोठ्यानं म्हटलं, "त नसती चढली, माय."

मुलानं फोन खाली घेतला. "काही म्हणालीस, आई?"

"नाही," मी म्हटलं. "चल."